सातवा महिना, आवळलेली झडप आणि "व्हायरलच आहे, जाईल"

दीडझडप

आयडीवरून कळलंच असेल. लहानपणी र्‍हुमॅटिक ताप येऊन गेला आणि जाताना हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली मिट्रल झडप आवळून गेला. सहा वर्षांपूर्वी बलून घालून ती मोकळी करून घेतली. निरोगी झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं, माझं दीडच्या जरा वर. त्यानंतर पहिला मुलगा झाला, आता दुसऱ्या वेळी सव्विसावा आठवडा आहे. हार्टचे डॉक्टर आणि गायनॅक दोघांचं म्हणणं एकच होतं: सगळं छान चाललंय, गोळ्या चुकवू नका.

मागच्या पंधरवड्यात मुलगा शाळेतून ताप घेऊन आला. बुधवारी त्याला, शुक्रवारी मला. अंगदुखी, घसा, कोरडा खोकला, ताप १०२. नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. "सध्या व्हायरल चालूच आहे, पॅरासिटॅमॉल घ्या, तीन दिवसांत उतरेल." माझ्या झडपेचं त्यांना माहीत आहे, पण फोनवर मी आठवण करून दिली नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. मी वर स्वतःची अक्कल चालवली. तापात औषधांचा मारा नको, रिकाम्या पोटी तर नकोच, म्हणून नाडी आवरणारी मेटोप्रोलॉलची गोळी दोन दिवस घेतलीच नाही.

शनिवारी रात्री एका उशीवर झोपता येईना. दुसरी घेतली. अकराच्या सुमारास तिसरी. मग पलंगाच्या कडेला बसून पाय खाली सोडले तेव्हा कुठे जरा हायसं वाटलं. नवरा म्हणाला, सातव्या महिन्यात सगळ्यांनाच धाप लागते, पोट वर आलंय. मलाही तेच ऐकायचं होतं. नंतर खोकल्याचा आवाज बदलला. कोरडा होता तो ओला झाला, पेल्याच्या तळाचं उरलंसुरलं स्ट्रॉने ओढताना येतो तसा. पावणेतीनला ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन ९१, नाडी १३४.

कॅज्युअल्टीत कळलं की फुप्फुसात पाणी झालंय. ऑक्सिजन, लघवी होण्याचं इंजेक्शन, नाडी खाली आणायचं औषध, आणि तपासणीचा रिपोर्ट यायच्या आधीच फ्लूची गोळी सुरू. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला: इन्फ्लुएन्झा ए. चार दिवसांनी घरी सोडलं. बाळ ठीक आहे, काल सोनोग्राफीत आमच्याकडे पाठ करून बसलं होतं.

डोक्यातून एक गोष्ट जात नाहीये. माझी झडप शुक्रवारी जेवढी होती तेवढीच शनिवारी होती. मग साध्या फ्लूने एवढं कसं झालं? हृदयाचा आजार सांभाळून ज्यांनी दिवस काढलेत त्यांनी ताप-सर्दीत काय केलं, तेही लिहा. मला अजून तीन महिने काढायचेत आणि मुलगा रोज शाळेत जातो.

गॅलरीतली_चिमणी

बापरे, वाचूनच घाम फुटला. काळजी घे गं. मी पण या प्रश्नांच्या उंबरठ्यावर आहे, म्हणून इथेच बसून राहते. वाचनखूण साठवली आहे.

स्टेथोवाला

रात्रीच निघालात हे उत्तम केलंत. सकाळ व्हायची वाट बघणारे मी खूप पाहिलेत. हृदयरोगाचा डॉक्टर आहे, पण इथे कुणाचं निदान करणार नाही, फक्त घडतं कसं ते सांगतो.

उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. झडप तेवढीच राहिली, तिच्यातून रक्त जायला मिळणारा वेळ कमी झाला.

मिनिटाला ७५ ठोके पडतात तेव्हा एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. त्यातला साधारण ०.३ सेकंद हृदय आकुंचन पावतं आणि ०.५ सेकंद भरतं. मिट्रल झडप उघडी असते ती याच भरण्याच्या वेळात. नाडी १२० वर गेली की अख्खा ठोकाच ०.५ सेकंदाचा होतो आणि भरायला कसाबसा पाव सेकंद उरतो. मोठ्या दारातून पाव सेकंदात माणसं आत येतात. तुमचं दार अर्धं लोटलेलं. मग मागे गर्दी साचते. मागे म्हणजे डाव्या वरच्या कप्प्यात, आणि त्याच्या मागे थेट फुप्फुसं. तिथला दाब वाढला की रक्तातलं पाणी हवेच्या पिशव्यांत झिरपतं. तुमचा ओला खोकला तो.

आता ताप. एक डिग्री सेल्सिअस ताप चढला की नाडी मिनिटाला सुमारे दहाने वाढते. गरोदरपणाने ती आधीच १०-२० ने वाढवून ठेवलेली असते. शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं आणि हृदय मिनिटाला बाहेर टाकतं ते रक्त ३० ते ५० टक्क्यांनी. हा भार साधारण २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास शिखरावर असतो, तुम्ही अगदी जवळ होतात. निरोगी हृदय हे सगळं हसत खेळत पेलतं, कारण त्याच्याकडे शिल्लक असते. तुमची शिल्लक बाळानेच वापरलेली होती, आणि नाडीला लगाम घालणारी गोळी नेमकी त्याच दोन दिवसांत बंद. ही गोळी अचानक थांबवली की नाडी उलट उसळी मारते. रागावत नाही, पण "तापात गोळ्या नकोत" ही समजूत मी दर महिन्याला ऐकतो.

प्रत्येक आजाराचं गणित वेगळं. आवळलेल्या झडपेला वेगवान नाडी सोसत नाही. गळक्या झडपेचं तुलनेने निभावतं. पंप कमजोर असेल तर तापाचं जादा काम झेपत नाही आणि सलाइनही झेपत नाही. शिवाय काही विषाणू, कॉक्सॅकी हा त्यातला कुप्रसिद्ध, पण फ्लू आणि कोविडचेसुद्धा, कधीकधी थेट हृदयाच्या स्नायूलाच सूज आणतात. तो प्रकार दुर्मीळ आहे. नाडीचा प्रकार रोजचा.

आणि "साधा फ्लू" म्हणू नका. २००९ च्या एच१एन१ साथीत अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर बायका साधारण १ टक्का होत्या, त्या साथीने गेलेल्यांत मात्र साधारण ५ टक्के. हे सगळ्या गरोदर बायकांचं झालं, हृदयाचा आजार असलेल्या त्यातच आल्या. म्हणून रिपोर्टची वाट न पाहता ओसेल्टामिव्हिर सुरू केली ते योग्यच. पहिल्या ४८ तासांत तिचा सर्वात जास्त उपयोग होतो. उशीर झाला तरी अशा पेशंटला देतातच.

उगाचच

घाबरवायचं काम जोरात चालू आहे. माझ्या बहिणीच्या हृदयाला लहानपणी भोक होतं, दोन बाळंतपणं झाली, मध्ये दहा वेळा सर्दी-ताप आला, काही झालं नाही. आधीच गरोदर बाई टेन्शनमध्ये असते. दर शिंकेला हॉस्पिटलात पळायचं का?

दीडझडप

@उगाचच, दर शिंकेला नाही. तिसऱ्या उशीला. :)

आणि तुमच्या बहिणीचं छान झालं ते झालंच, पण भोक बुजलेलं हृदय आणि आवळलेली झडप एकच नव्हे, हे आता वर वाचून मलाही कळतंय. @स्टेथोवाला, तुमचं ते अर्ध्या लोटलेल्या दाराचं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो गप्प झाला.

टिकटिक

माझी झडप धातूची आहे, शांत खोलीत आवाज येतो म्हणून हा आयडी. मुलगी आता चार वर्षांची.

धातूची झडप म्हणजे रक्त पातळ करणारं औषध जन्मभर. पहिल्या तिमाहीत वॉरफरिन बाळाला बाधू शकते, म्हणून तेव्हा हेपरिनची इंजेक्शनं, मग पुन्हा गोळी, आणि छत्तिसाव्या आठवड्यापासून परत इंजेक्शनं. पोटावर जागा उरली नव्हती टोचायला. आणि अशात पाचव्या महिन्यात ताप. चार दिवस खाणं जवळजवळ बंद, ताप १०१ च्या खाली येईना, म्हणून दर सहा तासांनी पॅरासिटॅमॉल. ते बरोबरच होतं. पण आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, तपासायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. पाचव्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना. आयएनआर ५.८. माझं ठरलेलं २.५ ते ३.५.

नंतर समजावलं गेलं की तापात, खाणं सुटल्यावर, काही अँटिबायोटिक्सनी, इतकंच काय सलग दिवस घेतलेल्या पॅरासिटॅमॉलनेही तो आकडा वर सरकतो. पॅरासिटॅमॉल बंद करायचं नाही, आकडा तपासायचा. आता माझा नियम आहे, दोन दिवसांपेक्षा जास्त ताप म्हणजे आयएनआर. आणि उलटही सांगते. रक्त दिसलं म्हणून घाबरून मनानेच वॉरफरिन बंद करायची नाही. गरोदरपणात रक्त मुळातच गोठण्याकडे झुकलेलं असतं, झडपेवर गुठळी धरली तर ते कैकपटीने वाईट.

मला सगळ्यात भीती वाटायची ती डेंग्यूची. प्लेटलेट उतरणार आणि मी रक्त पातळ करणाऱ्या औषधावर. डॉक्टर, यावर लिहाल का?

तटस्थ_वाचक

+१. डेंग्यूवर वाचायला आवडेल.

स्टेथोवाला

टिकटिक, तुमची भीती रास्त आहे. धातूची झडप आणि डेंग्यू यात दोन्हीकडून कोंडी होते, त्याचा निर्णय घरी बसून होत नाही. ॲडमिट करून, रोज प्लेटलेट बघत, औषध चालू ठेवायचं, कमी करायचं की थोडे दिवस थांबवायचं हे ठरवावं लागतं. अशा वेळी गोळीऐवजी हेपरिन सोयीचं, कारण त्याचा असर लवकर ओसरतो.

पण डेंग्यूत लोकांचं सगळं लक्ष प्लेटलेटवर असतं आणि हृदयाच्या पेशंटला खरा दगा पाण्याचा होतो. डेंग्यूत रक्तवाहिन्या काही काळ झिरपू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर जातं, रक्तदाब पडतो, म्हणून सलाइन द्यावं लागतं. हा धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरताना येतो. घरचे म्हणतात ताप गेला, सुटलो. तेव्हाच जास्त जपायचं असतं. मग एक-दोन दिवसांत वाहिन्या सावरतात आणि बाहेर गेलेलं सगळं पाणी परत रक्तात येतं. आधी दिलेलं सलाइन अधिक हे परत आलेलं. कमजोर पंप किंवा आवळलेली झडप याच वळणावर बुडते. कमी दिलं तरी पंचाईत, जास्त दिलं तरी. भरीला गरोदरपणात रक्तातला पाण्याचा भाग मुळातच वाढलेला असतो, त्यामुळे रक्त घट्ट होऊ लागल्याची खूण रिपोर्टमध्ये लवकर कळत नाही. म्हणून आपला इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट सोबत न्या आणि सलाइन लावायच्या आधी "मला हृदयाचा आजार आहे" हे प्रत्येक शिफ्टला सांगा. कंटाळा आला तरी सांगा.

तापावर फक्त पॅरासिटॅमॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे नको. डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढतो. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या किडनीवर आणि गर्भजलावर परिणाम होऊ शकतो, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तसा इशारा दिलेला आहे. आणि ही औषधं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, ते हृदयाला नको असतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली कमी डोसाची ॲस्पिरिन वेगळी, ती सहसा चालू असते, पण डेंग्यूची शंका असली तर तिचंही विचारा.

जाता जाता सर्दीच्या तयार गोळ्यांबद्दल. पाकिटामागे फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन लिहिलेलं असलं तर परत ठेवून द्या. नाक मोकळं होतं, पण रक्तदाब चढतो आणि नाडीही पळू शकते. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला.

वॉर्डातली_ताई

मी परिचारिका आहे, बाळंतिणींच्या वॉर्डात. डॉक्टरांनी आतलं सांगितलं, मी बाहेरून दिसणारं सांगते.

"गरोदरपणात धाप लागतेच" हे वाक्य अर्धं खरं आहे. गरोदर बाई श्वास खोल घेते, त्यामुळे तिला धाप लागल्यासारखी वाटते. पण मिनिटाला श्वास किती, हा आकडा गरोदरपणात फारसा वाढत नाही. १२ ते २० मध्येच राहतो. म्हणून श्वास मोजा. तिने स्वतः मोजू नये, मोजायला लागलं की श्वास बदलतो. घरातल्या कुणीतरी, तिला न सांगता, पोटाकडे नव्हे, छातीकडे बघून, पूर्ण एक मिनिट मोजावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, तिथेच गडबड होते. २४ च्या वर गेला तर डॉक्टरांना फोन. ३० म्हणजे फोनही नको, निघा.

ऑक्सिमीटर घाईत बघू नका. बोट गार असेल तर चोळून गरम करा, लावल्यावर मिनिटभर थांबा, आकडा स्थिर होऊ द्या. गरोदर बाईला ९५ किंवा त्यावर हवा. पोटात बाळ आहे, तिथे नेहमीच्या माणसाला चालणारा ९३ चालत नाही.

आणि उशी. रात्री किती उशा लागतात हे मी ॲडमिट होणाऱ्या प्रत्येकीला विचारते. आयांना वाटतं ही काय विचारते वेड्यासारखं. काल एक आणि आज तीन, हे मला कुठल्याही मशीनआधी कळतं. दीडझडप ताई, तुम्ही ते नेमकं लिहिलंत म्हणून एवढं लांबवलं. पाय खाली सोडून बसल्यावर बरं वाटणं हेही त्यातलंच. उठून बसलं, पाय लोंबकळले की फुप्फुसाकडे परतणारं रक्त कमी होतं.

निळसर

ताई, तुमच्या ९५ ला माझा छोटासा अपवाद जोडते. मी एकाच पंपिंग कप्प्याची, फॉन्टन ऑपरेशन झालेली. माझा ऑक्सिजन धडधाकट असतानाही ९१. एकदा साध्या पोटदुखीसाठी गेले तर मशीन लावून सगळे धावायला लागले, मी बसून हसत होते. म्हणून आमच्यासारख्यांनी बऱ्या दिवसातला आपला आकडा कागदावर लिहून ठेवावा. बघायचं ते त्याच्या खाली किती गेला हे.

आणि पाण्याचंही आमचं उलटं. माझ्या फुप्फुसांकडे रक्त ढकलायला पंपच नाही, ते आपल्या आपण वाहत जातं. त्यामुळे पाणी कमी पडलं की सगळा प्रवाहच मंदावतो. सहाव्या महिन्यात उलट्या-जुलाबाच्या विषाणूने धरलं होतं. ताप नव्हताच. एका दिवसात बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडले. वरचं वाचून कुणी "हृदयाचा आजार म्हणजे सलाइन वाईट" असं धरून बसू नये म्हणून लिहिलं. मला सलाइननेच उभं केलं.

स्टेथोवाला

निळसर, हे लिहिलंत ते फार चांगलं झालं. महाधमनीची झडप आवळलेली असेल किंवा हृदयाचा स्नायू जाड झालेला असेल त्यांनाही पाण्याचं हेच लागू.

गॅलरीतली_चिमणी

माझा प्रश्न. हृदयातलं भोक लहानपणी बंद केलंय, इको छान आहे, आता मूल हवंय. लसींचं काय करू? सासूबाई म्हणतात गरोदरपणात सुई नको, मैत्रीण म्हणते सगळ्या घे. आणि माझ्या बाळालाही हृदयाचा दोष येईल का, त्याचा विषाणूंशी संबंध असतो म्हणतात?

स्टेथोवाला

चिमणी, तुम्ही अगदी वेळेवर विचारलंत, कारण काही लसी फक्त आधीच घेता येतात.

संबंध असतो, रुबेलाचा. १९४१ साली ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकापाठोपाठ येऊ लागली. चौकशी केली तर बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेलेला, आणि त्यातल्या कितीतरी बाळांच्या हृदयातही दोष. आईला जेमतेम पुरळ येतं, बाळाच्या हृदयाची जन्मानंतर मिटायला हवी ती नळी उघडी राहते किंवा फुप्फुसाची धमनी अरुंद होते. म्हणून आधी रक्त तपासून रुबेला आणि कांजिण्यांची प्रतिकारशक्ती आहे का बघा. नसेल तर लस घ्या आणि निदान एक महिना दिवस राहू देऊ नका. या जिवंत विषाणूच्या लसी आहेत, गरोदरपणात देत नाहीत. कांजिण्या मोठेपणी, त्यातून गरोदरपणात झाल्या तर न्यूमोनिया होऊ शकतो, तेव्हा तेही हलक्यात घेऊ नका.

फ्लूची लस मात्र गरोदरपणातच घ्यायची, कुठल्याही महिन्यात, इंजेक्शनची. नाकातल्या फवाऱ्याची नाही, ती जिवंत असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये फ्लूच्या लसीसाठी गरोदर बायकांना सर्वात वरच्या क्रमांकावर ठेवलं. त्यातून बाळालाही संरक्षण मिळतं, आणि त्याला स्वतःला ती लस सहा महिन्यांआधी देता येत नाही. सासूबाईंना हे सांगून बघा, नातवंडाचं नाव काढलं की ऐकतात असा माझा अनुभव.

तुमच्या स्वतःच्या दोषाचा बाळावर काय परिणाम, ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी साधारण १८ ते २२ आठवड्यांत करतात.

पहाटेचा_अलार्म

इथे सगळ्या बायकांना हृदयाचा आजार आधी माहीत होता. मला नव्हता. त्यामुळे माझी गोष्ट थोडी उलट्या बाजूची.

बाळंतपण सुरळीत झालं. तिसऱ्या आठवड्यात खोकला. रात्री जास्त. "व्हायरल ब्राँकायटिस", खोकल्याचं औषध. पुढच्या आठवड्यात अँटिबायोटिक. पाय सुजले तर म्हणे बाळंतपणानंतर असतंच. दमायला होतं म्हटलं तर रात्रीची जागरणं. प्रत्येक उत्तर ऐकायला बरोबर वाटायचं. बाळाला पाजायला उठले की बरं वाटायचं, आडवी झाले की खोकल्याची उबळ, आणि मी मनात म्हणायचे की आई झाल्यावर झोप उडते ती अशी. शेवटी वॉर्डातली ताईंसारख्याच एकीने विचारलं, आडवं झोपता येतं का? इको झाला. पंपिंग, म्हणजे एका ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं ते, २५ टक्के. बाळंतपणाच्या आगेमागे होणारा हृदयाच्या स्नायूचा आजार. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत कधीही डोकं वर काढतो.

त्या महिनाभरात एकही विषाणू माझ्या आसपास नव्हता. नुसता त्याच्या नावाचा शिक्का होता. आता ५० टक्क्यांवर आले आहे. दुसऱ्या मुलाचं विचारू नका, तो वेगळा धागा होईल.

बाहेरचं_बाकडं

मी नवऱ्यांच्या गटातला. बायकोची झडप गळकी आहे. पाचव्या महिन्यात ताप आला, व्हायरल म्हणून अँटिबायोटिक दिलं, उतरला. गोळ्या संपल्यावर चार दिवसांनी परत आला. परत तेच, परत उतरला. तिसऱ्यांदा आला तेव्हा हार्टच्या डॉक्टरांकडे नेलं तर ते पहिल्यांदा चिडलेले पाहिले. झडपेवर जंतू बसले होते. जंतू म्हणजे बॅक्टेरिया, विषाणू नव्हेच. सहा आठवडे शिरेतून औषध. ते म्हणाले, झडपेचा पेशंट असेल तर अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ती तपासणी) काढायला हवं होतं. गोळ्यांनी जंतू अर्धवट दबले आणि तपासणीत सापडेनात.

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही हे मला शाळेपासून माहीत होतं. तरी हातात चिठ्ठी आल्यावर विचारलं नाही, व्हायरल आहे तर हे कशाला.

वॉर्डातली_ताई

भाऊ, तुम्ही विचारायचं होतं हे ठीक, पण ते लिहिणाऱ्यानेही बघायला हवं होतं. सगळं स्वतःवर घेऊ नका.

उगाचच

वरचं माझं जरा उथळ झालं. बहिणीला फोन केला होता. तिचं म्हणणं, दोन्ही वेळा तिच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच इको करून "तुझ्यात धोका फार कमी" असं सांगितलं होतं. मला ते माहीतच नव्हतं, मला वाटायचं नशीब.

एक विचारतो. घरात लहान मूल आजारी असताना आईने काय करायचं? त्याला दूर कसं ठेवणार?

टिकटिक

@उगाचच, पूर्ण दूर नाहीच ठेवता येत. ताप असेपर्यंत त्याला रात्री बाबाजवळ झोपवायचं, खिडकी उघडी, आईला मास्क, नाक पुसायचं काम दुसऱ्या कुणाचं. बाकी तो येऊन गळ्यात पडणारच.

दीडझडप

सगळ्यांचे आभार. परवा दोन्ही डॉक्टरांकडे जाऊन आले आणि या धाग्यातलं विचारून एक कागद लिहून घेतला. फ्रिजच्या दारावर लावलाय. वर झडपेचं नाव, शेवटच्या इकोची तारीख, दोन्ही डॉक्टरांचे नंबर. मग बऱ्या दिवसातले माझे आकडे: नाडी ८४, ऑक्सिजन ९८, एक उशी. खाली: ताप १००.४ च्या वर गेला तर त्याच दिवशी फोन, तीन दिवस थांबायचं नाही. नाडी बसल्या जागी ११० च्या वर राहिली तर निघायचं. मेटोप्रोलॉल उलटी झाली तरी पुन्हा विचारून घ्यायची, बंद नाही. लहानपणीचा तो ताप पुन्हा उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन चालूच. सगळ्यात शेवटी हार्टच्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली, ज्या कॅज्युअल्टीत जाईल तिथल्यांसाठी: "सलाइन जपून, नाडी आधी आवरा." हे माझे आकडे आहेत, कुणी उचलू नका, आपापले लिहून घ्या.

बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन दिवस मला नीट नजरेखाली ठेवणार आहेत, कारण गर्भाशयातलं रक्त एकदम अंगात परत येतं. म्हणजे मी समजत होते तसं, बाळ झालं की सुटले, असं नाही. फ्लूची लस बरी झाल्यावर घ्यायची ठरलंय. हा फ्लू होऊन गेला तरी दुसऱ्या जातीचा होऊ शकतो.

मुलगा आज पुन्हा शिंकतोय. नवऱ्याला आता नादच लागलाय, मी टीव्ही बघत असले की कोपऱ्यातून घड्याळ धरून बसतो. आत्ता विचारलं किती, तर म्हणाला १८.

वॉर्डातली_ताई

पूर्ण मिनिट मोजले ना?

दीडझडप

हो ताई, पूर्ण मिनिट. मध्ये मी बोलले तर परत पहिल्यापासून मोजले.